शून्य हँडिकॅप

वाळवंटात गवत बघायला कुणी जातं का? आम्ही गेलो. टेक्सासमधल्या अर्विंगहून दोन दिवस गाडी हाकत ॲरिझोनात पोचलो, गवत बघितलं, त्याच्यावर दोन दिवस काठ्या आपटल्या आणि आलो परत. तेव्हापासून इथल्या मंडळातली जी भेटेल ती विचारते, "चारू, रिसॉर्टला गेला होतात म्हणे! मज्जा केली असेल ना?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आलाय. एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

आमचं घर तीन माणसांचं. मी नागपूरची, नवरा अनंत पुण्याचा, आणि नऊ वर्षांची सई, जी "आपण कुठले गं?" या प्रश्नाला "टेक्सस" असं उत्तर देते. मी आणि अनंत दोघंही टेलिकॉममधले. दोन हजार एक संपता संपता त्याची कंपनी बुडाली आणि माझी कशीबशी तरंगत राहिली. तेव्हापासून तो माझ्या व्हिसावर आहे. त्याला एच-फोर म्हणतात. इथे राहा, जेवा, गाडी चालवा, भांडी घासा, फक्त पगाराचं काम करायचं नाही. इथल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं याच व्हिसावर दिवस काढतात, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. पुरुषाच्या वाट्याला आला की सगळे आवाज बारीक करून विचारतात, "मग, काही जमतंय का?" या एका प्रश्नाला कंटाळून अनंतने मंडळात यायचंच सोडलं.

यंदाच्या जानेवारीत, म्हणजे दोन हजार तीनच्या, माझा बॉस रॉन माझ्या क्यूबिकलपाशी येऊन उभा राहिला. आमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटचा मोठा साहेब वॉल्ट दर फेब्रुवारीत वाळवंटातल्या एका रिसॉर्टवर दोन दिवस गोल्फ खेळतो आणि बरोबर काम करणाऱ्यांनाही बोलावतो. यंदा टेस्टिंग टीमतर्फे मी यायचं होतं. रॉन हळूच म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही, ते तो तिथेच ठरवणार आहे."

याचा अर्थ मला समजावून सांगायची गरज नव्हती. कॉन्ट्रॅक्ट गेलं की माझी टीम गेली, टीम गेली की मी गेले, माझ्यामागे माझा व्हिसा आणि त्याच्यामागे अनंत आणि सई. आमचं सगळं बिऱ्हाड त्या एका खुंटीला टांगलेलं होतं.

"पण मला गोल्फ येत नाही," मी म्हटलं.

"कुणालाच येत नाही," रॉन म्हणाला. धादांत खोटं.

घरी मात्र गोल्फ येणारा एक जण होता. शेजारच्या म्हाताऱ्याने टाकून दिलेल्या काठ्या घेऊन अनंत वर्षभर नगरपालिकेच्या गोल्फच्या मैदानावर जात होता. दुपारी सगळं जग ऑफिसात असताना हा एकटा चेंडू मारायचा. त्याने मला तीन रविवार सरावाला नेलं. पुणेरी माणूस शिकवायला लागला की काय होतं ते माहेरी आईला फोनवर सांगितलं तर तिचं हसू थांबेना. "मान खाली! चारू, मान वर करायची नाही!" मी म्हटलं, "वर्षभर खालीच आहे माझी मान." त्यावर त्याने पुढचा चेंडू ठेवून दिला.

मग एका दुपारी त्या रिसॉर्टच्या व्यवस्थापक बाईचा मला ऑफिसात फोन आला. मी सकाळपासून दोन मीटिंगांमध्ये पिळून निघालेले. तिने विचारलं, जेवण? म्हटलं, शाकाहारी. टी-शर्ट? मीडियम. हँडिकॅप?

बाप्पा, काय विचारतात ही माणसं तोंडावर! पण असेल नियम, म्हातारे-कोतारे येत असतील, कुणाला व्हीलचेअर लागत असेल. मी म्हटलं, "नन. थँक गॉड."

ती म्हणाली, "वॉव!" ही माणसं कशालाही वॉव म्हणतात, म्हणून मी फोन ठेवला आणि कामाला लागले.

लास क्रूसेस

विमानाचं तिकीट कंपनी फक्त माझंच देणार होती. अनंत म्हणाला, "आपण तिघं गाडीने जाऊ. मला वेळच वेळ आहे." पश्चिम टेक्सासबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तेलाचे पंप माना हलवतात, आणि आपण पेंगतो. सईने मागच्या सीटवरून "आर वी देअर येट?" इतक्या वेळा विचारलं की शेवटी अनंत म्हणाला, "हो, आलो, उतर." ती उतरायलाही निघाली.

खरा प्रवास सुरू झाला तो न्यू मेक्सिकोत, लास क्रूसेसच्या एका मेक्सिकन खानावळीत. मालकीणबाईने विचारलं, लाल की हिरवी? तिथे मिरचीची चटणी आमटीसारखी पानभर वाढतात, आणि कुठली हवी एवढंच विचारतात. मी हिरवी म्हटलं. पहिल्या घासाला कान गरम झाले. अमेरिकेत आल्यापासून 'स्पायसी' या शब्दाने माझी इतकी फसवणूक झालीय की मी आशाच सोडली होती. माझ्या माहेरी भिवापुरी मिरचीचा ठेचा असायचा, ताटात नुसता ठेवला तरी शेजारचा शिंकायचा. ही तितकी नव्हती, पण नातेवाईक नक्की असावी. मी नाक पुसत दुसऱ्यांदा मागितली. मालकीणबाई येऊन माझा खांदा थोपटून गेली. अनंत आपला मक्याची पोळी दह्यासारख्या क्रीममध्ये बुडवून खात होता. मी म्हटलं, "साखर आणू का रे त्याच्यावर घालायला?" तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून मला आणखी एक पोळी मागवावीशी वाटली.

गावाबाहेर पडल्यावर सीमेच्या पोलिसांची चौकी लागते. मेक्सिको जवळ आहे, म्हणून हायवेवर सगळ्या गाड्या थांबवून विचारतात. पोलीस तरुण होता, सभ्य होता. आमचे पासपोर्ट चाळून मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही नोकरी करता." मग अनंतकडे बघून, "आणि सर, तुम्ही?"

साधा प्रश्न. अनंतने स्टिअरिंग धरलं होतं. तो म्हणाला, "आय ड्राइव्ह."

पोलीस हसला, पासपोर्ट परत दिले, शुभेच्छा दिल्या. अनंत पुढे तासभर नुसती गाडी हाकत राहिला. बाहेर ते मोकळं आभाळ, पिवळी माती, लांबवर निळे डोंगर, सगळं सुंदर होतं आणि मला त्यातलं काहीही नको होतं. मला एवढंच वाटत होतं की कुणीतरी मला सांगावं, बाई, आता दोन दिवस तू काही सांभाळायचं नाहीस.

रिसॉर्ट

शुक्रवारी दुपारी पोचलो. मातीच्या रंगाच्या बैठ्या इमारती, दारात कारंजं, आणि चहूकडे सग्वारो निवडुंग. सग्वारो म्हणजे दोन-तीन पुरुष उंचीचा खांब आणि त्याला वर गेलेले हात. सई म्हणाली, "दे लुक लाइक दे आर गेटिंग अरेस्टेड." चौकीवरून आलेल्या पोरीला आणखी काय सुचणार!

आणि मधोमध ते गवत. खरं सांगते, इतकं निगा राखलेलं काही मी जन्मात पाहिलेलं नाही. एक पान दुसऱ्यापेक्षा उंच नाही. वाळूचे खड्डे आहेत, तेसुद्धा दाताळ्याने विंचरलेले. गवताची कड इतकी कापीव, की एक पाऊल इकडे सतरंजी आणि एक पाऊल तिकडे दगड, काटे, साप. सापाच्या पाट्याही नीट रंगवलेल्या होत्या. अनंत गुडघ्यावर बसून हात फिरवायला लागला. "हिवाळ्यासाठी हे वेगळं गवत पेरतात," तो म्हणाला. मी म्हटलं, नागपुरात आम्ही मे महिन्यात कूलरमध्ये पाणी घालायला पाळीपाळीने उठायचो, इथे वाळवंटाला कारंज्याने अंघोळ घालतात. पण माझं तोंड कितीही वाकडं झालं तरी डोळे निवत होते, हे कबूल करते.

संध्याकाळी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं होतं. रॉन मला धरूनच वॉल्टकडे घेऊन गेला. वॉल्ट साठीचा, उंच, टक्कल उन्हाने तांबडं झालेलं, हळू बोलणारा. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "म्हणजे ह्याच का आपल्या स्क्रॅच प्लेअर!"

स्क्रॅच म्हणजे ओरखडा. मी पटकन गालाला हात लावला, म्हटलं प्रवासात कुठे काही लागलं की काय. तो खो खो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. "उद्या तुम्ही माझ्या जोडीला. तीन वर्षं मी दुसरा येतोय," तो म्हणाला आणि पुढच्या पाहुण्याकडे वळला.

मी रॉनला बाजूला ओढलं. हा काय म्हणतोय? रॉनने समजावलं. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी सवलत. जितका कच्चा, तितके जास्त फटके त्याच्या हिशोबातून वजा करतात. ज्याला काहीच सवलत लागत नाही तो शून्य हँडिकॅपवाला, म्हणजे स्क्रॅच. असे लाखात थोडे असतात. "आणि तू फोनवर 'नन' म्हणालीस. मला वाटलं तू आमच्यापासून लपवून ठेवलंयस!"

मी म्हटलं, आत्ता जाऊन सांगते. रॉनने माझा दंडच धरला. "आत्ता नको. बघ तो किती खुशीत आहे. उद्या बघू. एखाद वेळेस जमेलही तुला." अरे, काय जमेल? चेंडूला काठी लागली तर मी देवाला साखर ठेवते!

खोलीवर जाऊन अनंतला सांगितलं. तो पलंगावर पडून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "नन, थँक गॉड! अगं चारू!" सईलाही कळलं, तीही त्याच्या अंगावर लोळून हसली. मी उशी फेकून मारली. नोकरी माझी जाणार होती ना.

शनिवार

सकाळी आम्ही चौघं पहिल्या भोकापाशी. मी, वॉल्ट, रॉन, आणि क्लायंटच्या ऑफिसातला एक अबोल गृहस्थ. वॉल्टने मानाने मला पहिली पाळी दिली.

पहिला फटका हवेत. वॉल्ट म्हणाला, "सराव, सराव." दुसऱ्या फटक्याला चेंडू स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जावा तितका गेला. तिसऱ्याला गवताचं एक ढेकूळ चेंडूपेक्षा लांब उडालं. ते ढेकूळ परत आणून बसवायचं, वर वाळू घालायची, पायाने दाबायचं, असा नियम आहे. मी ते काम फार छान केलं. पुढची तीन भोकं मी हेच करत होते, मारायचं आणि बुजवायचं. वॉल्टच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा विनोद समजून होतं, मग काळजीचं झालं आणि मग गेलंच.

पाचव्या भोकाला माझा चेंडू गवताची कड ओलांडून काट्यांत गेला. मी आपली त्याच्यामागे. तिथे एक जातीचं निवडुंग आहे, नुसतं जवळून गेलं तरी त्याचा गोळा अंगाला येऊन चिकटतो. आला आणि बसला माझ्या पोटरीवर. मी "आई गं!" म्हणून अशी ओरडले की पलीकडच्या मैदानावरची माणसं थांबली.

वॉल्ट धावत आला. त्याने खिशातून कंगवा काढला. टकलाला कंगवा कशाला, असं माझ्या मनात आलं तेवढ्यात तो चक्क माझ्या पायाशी बसला. काट्यांच्या खाली कंगवा सरकवून त्याने झटक्यात तो गोळा उडवला. इकडच्या वाळवंटात सगळे त्यासाठीच कंगवा ठेवतात म्हणे. पण बापाच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी बसलेला, मला कसंतरीच झालं. "अहो नको, नको," करत मी मागे सरले आणि माझी टाच पडली तिथेच कडेला थांबलेल्या त्याच्या चेंडूवर. पाय लागला! वाकून मी चेंडूला हात लावला आणि कपाळाला नेला. हे मी केलं नाही, आपोआप झालं. पाय लागला की आपला हात जातोच.

चेंडू अर्थातच जागचा हलला, आणि जोडीदाराने हलवला की दंडाचा एक फटका मोजतात.

वॉल्ट उठून उभा राहिला. "हे काय होतं?"

"नमस्कार," मी म्हटलं. "पाय लागला म्हणून."

"चेंडूला?"

"हो."

तो अगदी हळू म्हणाला, "चारू, तुमचा हँडिकॅप शून्य आहे असं कुणी सांगितलं?"

झालं. रॉन आपल्या बुटांकडे बघत होता. माझा पाय ठणकत होता, ऊन चढलं होतं, आणि वर्षभराचा शीण एकदम माझ्या तोंडात आला. मी म्हटलं, "मीच सांगितलं. आमच्याकडे हँडिकॅप म्हणजे ज्याला हात नाही, पाय नाही. मला विचारलं तेव्हा मी देवाचे आभार मानून नाही म्हटलं. मी खोटं बोललेले नाही. मला हा खेळ येत नाही. माझी नोकरी तुमच्या हातात आहे म्हणून मी इथे आलेय. आणि मी दमलेय हो. फार दमलेय."

वाचकांना वाटेल की आता वॉल्ट मोठ्याने हसला असेल. नाही हसला. चिडलाच होता तो. "पहिल्या भोकापाशी सांगायला हवं होतंत," तो म्हणाला. "वर्षातले हे दोन दिवस माझे असतात." बोलला ते चुकीचं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे सामानाच्या पेट्या आल्या, सईची शाळा आली.

आणि मी म्हटलं, "माझा नवरा खेळतो. चांगला खेळतो. उद्या माझ्याऐवजी त्याला घ्या."

वॉल्टने खांदे उडवले. "आणा."

अनंत नाही म्हणाला. जेवताना मी विषय काढला तर त्याने काटा खाली ठेवला. "मी येणार नाही. चार माणसांत मला विचारतील, काय करतोस."

"मग सांग की!"

"काय सांगू?"

"काहीही सांग. माझ्या नोकरीसाठी म्हणून ये."

"तुझ्या नोकरीसाठीच तर चाललंय सगळं, चारू," तो म्हणाला. आवाज चढवून म्हणाला असता तर भांडता आलं असतं. मला रडू आलं. सई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तिनेच बापाला सांगितलं, "बाबा, जस्ट प्ले. यू आर गुड." तो उठला आणि काठ्या पुसायला घेतल्या.

रविवार

मला त्यांनी बग्गीवर बसवलं. बॅटरीवर चालणारी ती छोटी गाडी मी चालवायची आणि खेळणारे खेळणार. दोन दिवसांत मला जमलेलं हे एकच काम.

वॉल्टने अनंतशी हात मिळवला. त्याचा चेहरा अजून कालचाच होता. "तुमचा हँडिकॅप काय?"

अनंत म्हणाला, "एच-फोर."

मला एकदम हसू फुटलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. रॉनला काही कळलं नाही. वॉल्टलाही नाही. मग अनंतनेच सांगितलं, सरळ, कुठेही न अडखळता. माझा व्हिसा बायकोच्या व्हिसाला बांधलेला आहे. मला काम करायला बंदी आहे, खेळायला नाही. चौदा महिने झाले. आणि गोल्फमधला हँडिकॅपही योगायोगाने चौदाच.

"म्हणजे सरावाला वेळ भरपूर," वॉल्ट म्हणाला.

"भरपूर."

आणि मग तो हसला, वॉल्ट. शुक्रवारनंतर पहिल्यांदा नीट हसला.

अनंत काही जादूगारासारखा खेळला नाही. दोन चेंडू काट्यांत गेले, एक तळ्यात. पण तो मान खाली घालून शांतपणे मारायचा आणि चेंडू सांगितल्यासारखा गवतावर जाऊन थांबायचा. दोन फटक्यांच्या मध्ये चालताना त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. वॉल्टच्या नेटवर्कचं एक जुनं दुखणं आहे, दोन शहरांमधले कॉल मध्येच तुटतात. माझी टीम सहा महिने त्याच्यावर डोकं आपटतेय. अनंतने काहीतरी विचारलं, वॉल्टने उत्तर दिलं, अनंतने आणखी विचारलं. मी मागून बग्गी नेत होते. आणि अचानक मला त्याचा ऑफिसचा आवाज ऐकू आला.

हा आवाज मी विसरले होते. घरी फोनवर कामाचं बोलताना तो असा बोलायचा, जरा भरभर, "नाही, थांबा, आधी हे बघा" म्हणत. वर्षभर आमच्या घरात दूध आणलं का, कपडे वाळले का, सईचा डबा भरला का, एवढंच बोललं जात होतं. त्याला वेगळा आवाज लागत नाही.

नवव्या भोकाला दोघांचे चेंडू वाळूच्या एकाच खड्ड्यात पडले. मी वर थांबले. बराच वेळ झाला तरी दोघं बाहेर येईनात, म्हणून डोकावून बघितलं. अनंत उकिडवा बसून काठीच्या टोकाने वाळूत काढत होता. एक चौकोन, दुसरा चौकोन, मध्ये रेघा, बाण. "इथे बघा. दोन्हीकडची घड्याळं वेगळी चालतायत. बिघाड इथे नाहीच, तुम्ही तिकडे शोधताय." वॉल्ट कमरेवर हात ठेवून बघत होता. मागची मंडळी खोळंबली, कुणीतरी हाक मारली, तरी तो हलेना. शेवटी अनंतने सगळं एकदा परत समजावलं आणि उठला.

खड्ड्यातून निघताना वाळू विंचरून ठेवायची असा नियम आहे. अनंतने दाताळं घेतलं आणि ते चौकोन, ते बाण, सगळं एका बाजूने नीट पुसत आणलं. मी वर बसून बघत होते. बग्गीच्या टपाखाली ऊन लागत नव्हतं, तरी मी काळा चष्मा लावला.

अठराव्या भोकापाशी वॉल्टने टोपी काढली आणि अनंतला म्हणाला, "माझ्याकडे कामाला या."

किती सहज म्हणाला! मी बग्गीचं चाक घट्ट धरून बसले. अनंत म्हणाला, "तुमच्या कंपनीला माझ्यासाठी व्हिसा काढावा लागेल." वॉल्टचा हात टकलावर गेला. तो माणूस सरळ होता, बघू-करू त्याने केलं नाही. "ते आम्ही सध्या बंद ठेवलंय," तो म्हणाला. "मलासुद्धा ते उघडता येणार नाही. सॉरी." मग दोघांनी हात मिळवले, आणि उरलेला चेंडू अनंतने भोकात घातला. त्या दिवसाच्या खेळात ते दुसरे आले. या वर्षीही दुसरेच.

रॉन धावत माझ्याकडे आला. वॉल्ट आत्ताच म्हणाला होता, कॉन्ट्रॅक्ट चालू राहील, आणखी दोन वर्षं. "यू आर सेफ, चारू! तुझी पूर्ण टीम!" त्याने मला मिठीच मारली. मी थँक यू म्हटलं. दोन वर्षं! वर्षभर ज्याच्यासाठी जीव मेटाकुटीला आला ते हातात आलं होतं. मी अनंतला शोधत निघाले.

तो शेवटच्या भोकाच्या अलीकडे, झाडाखाली काठ्या पुसत बसला होता. सई त्याच्या शेजारी लिंबाचं सरबत पीत होती. मी सांगितलं. तो म्हणाला, "छान झालं. खरंच छान झालं." मग टॉवेल घडी करत म्हणाला, "चारू, मी पुण्याला परत जातो. माझ्या जुन्या मित्रांनी बाणेरला ऑफिस टाकलंय, ते बोलावतायत. मी सांगत नव्हतो तुला. तुझं आता पक्कं झालंय. तू आणि सई इथे राहा, तिची शाळा आहे. मला काम करायचंय गं. आज चार तास मी... मला काम करायचंय."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की आता मी भडकणार. माझा स्वभाव त्याला माहीत आहे. मीही वाट बघितली राग यायची. आला नाही.

"आणि मी इथे राहून काय करू?" मी म्हटलं. "मला का हौस आहे रॉनची? ही नोकरी मी दातांनी धरून ठेवली ती तुला इथून कुणी हाकलू नये म्हणून. तूच जाणार असशील तर मी ती कुणासाठी धरू?"

"म्हणजे?"

"म्हणजे सोडते."

तो शब्द तोंडातून निघाला आणि माझे हात, खांदे, पाठ, सगळं ढिलं पडलं. मी बूट काढले आणि त्या विंचरलेल्या गवतावर, बसू नका अशी पाटी होती तरी, सरळ आडवी झाले. गार होतं. सई कुजबुजली, "आई, पीपल आर लुकिंग." अनंत म्हणाला, "बघू दे. तिला झोपू दे." त्याने टोपी माझ्या तोंडावर ठेवली, आणि मी झोपले.